पगार पुरवण्याची कृती

ही कृती चार माणसांच्या आणि एका पगाराच्या घरासाठी आहे. घर गिरगावातल्या चाळीत असो, लालबागच्या १० बाय १२च्या खोलीत असो, की पुनर्विकासात मिळालेल्या टॉवरच्या सतराव्या मजल्यावर. महिन्याच्या २० तारखेला प्रश्न सगळीकडे एकच पडतो: महिना पुरणार कसा? टॉवरमध्ये तो जरा जास्तच पडतो. चाळीचं भाडं नाममात्र होतं, आता मेंटेनन्स पगाराच्या आधी दारात हजर असतो.

या भागाला हा प्रश्न नवा नाही. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून गिरणीत आलेली माणसं गावकीच्या खोल्यांत राहायची. एका खोलीत वीस-पंचवीस जण, झोपायच्या पाळ्या गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे, भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या आणि जेवण खानावळीत. गिरगाव-धोबीतलावला गोव्याच्या माणसांचे कूड याच हिशेबाने चालायचे. एवढ्या पगारातून गावी मनिऑर्डर जायची, बहिणींची लग्नं व्हायची. ती शिल्लक एकट्याने पोट मारून पडत नव्हती. खोली वाटून, चूल वाटून, वेळेला एकमेकांचं उसनं फेडून पडत होती. म्हणून या कृतीत शेजारी हा मुख्य जिन्नस आहे. तो नसेल तर बाकीचं साहित्य निम्मंच कामाला येतं.

साहित्य: झाकणाचे स्टीलचे डबे पाच, भिंतीवरचं कालनिर्णय एक, दोरीला बांधलेली पेन्सिल एक, कापडी पिशव्या तीन, तोलकाटा एक (मजल्यात मिळून चालेल), गच्चीची किल्ली, आणि भरवशाची शेजारघरं दोन. तीन मिळाली तर उत्तम.

१ तारीख

पगार खात्यात जमा झाला की पहिल्याच दिवशी रोजच्या खर्चाचे पैसे नोटांच्या रूपात घरी आणा. फोन दाखवून पैसे देताना हाताला काही कळत नाही. चहा, वडापाव, रिक्षा, मुलाचं खोडरबर, असं करत करत पगार कधी झिरपला ते लक्षातच येत नाही. नोट हातातून जाते तेव्हा मन एकदा तरी विचारतं, खरंच हवंय का?

आता या नोटा डब्यांत घाला. पैसे धान्याच्या डब्यात ठेवायची आपल्या आज्यांची पद्धत पुष्कळांना चोरापासून लपवण्याची वाटते. ती त्याहून बरीच हुशार आहे. कोणता डबा किती वेळा उघडतो, यावर सगळं ठरतं. तूरडाळ रोज काढावी लागते, म्हणून वीजबिलाचे पैसे तुरीत. रोज हात लागतो, रोज आठवण होते आणि मुदत चुकत नाही. तांदळात शाळेची फी. रव्यात औषधपाणी. पोह्यांचा डबा आठवड्यातून एकदा उघडतो, त्यात सणवार आणि आहेर. अडीअडचणीचे पैसे मात्र साबुदाण्यात ठेवा, कारण तो डबा एकादशी-चतुर्थीलाच खाली उतरतो आणि त्या दिवशी उपवास असल्यामुळे माणूस आपोआप संयमात असतो. नोटा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून तळाशी ठेवायच्या. तांदळाला कीड लागू नये म्हणून बोरीक पावडर लावली असेल तर हे आणखी महत्त्वाचं.

एका डब्यातून दुसऱ्या डब्याला उसने द्यायला हरकत नाही. पण चिठ्ठी टाकायची: ‘रव्याकडून २०० घेतले, तुरीने १० तारखेला द्यायचे.’ घरातली मुलं या चिठ्ठ्या आवडीने वाचतात आणि तूरडाळ कर्जबाजारी झाली म्हणून घरभर सांगत सुटतात. सुटू द्या. हिशेब शिकवायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

कालनिर्णय १९७३ साली सुरू झालं आणि तेव्हापासून मराठी घरात त्याच्या चौकटी दुधाच्या हिशेबाला लागल्या. त्या चौकटींत आता सगळंच लिहायचं: दूध किती, इस्त्रीचे कपडे किती, गॅस कधी लावला, बाहेर काय खाल्लं. लिहायचं त्याच दिवशी आणि पेन्सिलीने. गॅसची तारीख तर हमखास लिहा. सिलिंडर किती दिवस गेला हे तीन महिने नोंदलं की कोणत्या महिन्यात चूल उगाच पेटत राहिली ते दिसतं.

याच दिवशी रेल्वेच्या पासाचं ठरवा. मासिक पासाला १०० रुपये पडतात असं हिशेबापुरतं धरलं, तर तिमाही पास २७० रुपयांना, सहामाही ५४० ला आणि वार्षिक १०८० ला पडतो. म्हणजे वर्षाचा पास काढणाऱ्याचा सव्वा महिना जवळजवळ फुकट जातो. नोकरी कायमची असेल तर बोनसच्या वेळी वार्षिक पास काढून मोकळं व्हा. नोकरीचा भरवसा नसेल तर तिमाहीवर थांबा. पास नसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: चर्नी रोडहून दादरला लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट ५ रुपये आहे, तर मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचं कमीत कमी तिकीट १० रुपये. घाई नसेल आणि हातात ओझं नसेल, तर लालबाग ते परळ पायीच जावं.

१५ तारखेला मीटर

शहर भागात वीज बेस्टची. बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर सगळ्यांत कमी असतो आणि १०१व्या युनिटापासून तो एकदम चढतो. बिल आल्यावर हळहळून काही होत नाही. महिन्याच्या मध्यावर जिन्याखालच्या मीटरपाशी जाऊन आकडा बघा आणि कालनिर्णयावर लिहा. ५० च्या आत असाल तर ठीक. ६० झाले असतील तर उरलेले दिवस इस्त्री बंद. कपडे झटकून, घडी घालून गादीखाली ठेवायचे. शर्टाला दोन घड्या जास्त पडतात, पण लोकलच्या गर्दीत दादरला उतरेपर्यंत इस्त्रीच्या शर्टाचंही तेच होतं. ज्या मुलाने दिवे बंद करायची जबाबदारी घेतली, त्याला १०० च्या आत बिल आल्यावर खाऊ द्यायचा. तो खाऊ बिलातल्या फरकापेक्षा स्वस्तच पडतो.

पहिला रविवार: किराणा

किराणा एकट्याने भरू नका. नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली अपना बाजारची सुरुवात झाली ती याच विचारातून. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायतीने घरांचे गट करून सामान एकत्र घ्यायला आणि वाटून द्यायला सुरुवात केली. आपल्या मजल्यावर हेच लहान प्रमाणात करता येतं.

तीन घरांनी मिळून तांदळाची गोण, तेलाचा १५ किलोचा डबा, साखर आणि डाळी घ्यायच्या. आधी प्रत्येक घराने यादी लिहायची, मग तिन्ही याद्या एकत्र करायच्या. आणायला दोघांनी जायचं: एक भाव करणारा, एक ओझं उचलणारा. दोन्ही गुण एका माणसात क्वचित असतात. वाटप गॅलरीत, सगळ्यांसमोर, तोलकाट्यावर. गोणीच्या तळाशी पाव-अर्धा किलो तांदूळ उरतोच. त्यावरून वर्षानुवर्षांचे संबंध बिघडू नयेत म्हणून नियम आधीच ठरवा. माझ्या मते तळाचा तांदूळ गोण जिना चढवून आणणाऱ्याचा. तेलाचा रिकामा डबा आळीपाळीने. त्यात तुळस लावता येते.

वाण्याकडे वहीवर सामान घेत असाल तर घ्या, त्यात कमीपणा नाही. गिरण्यांच्या काळात अख्खं लालबाग-परळ वहीवर जगलं. अट एकच: वाण्याच्या वहीला आपल्या घरी जोड वही हवी आणि दर शनिवारी दोन्ही जुळायला हव्यात.

दादरची भाजी

दादरला भाजी स्वस्त मिळते हे अर्धसत्य आहे. दादरला दोनच वेळा भाजी स्वस्त मिळते. एक पहाटे, स्टेशनच्या पश्चिमेला घाऊक बाजार भरतो तेव्हा. तिथे पाव किलोचं गिऱ्हाईक कुणी उभं करत नाही, पण तीन घरांची भाजी एकत्र घेतलीत तर तुम्हीही घाऊक गिऱ्हाईक होता. दुसरी वेळ रात्री नऊनंतर, विक्रेते आवरायला लागतात तेव्हा. त्या वेळी वजन बंद होतं आणि वाटे सुरू होतात. टोमॅटोचा वाटा, वांग्यांचा वाटा, मेथीच्या चार जुड्या एका भावात.

जाण्याआधी जेवा. हे सगळ्यांत महत्त्वाचं. रिकाम्या पोटी रानडे रोडवर जाणारा माणूस कोथिंबीर आणायला जातो आणि वडे, बाकरवडी, दोन पाकिटं चकली आणि एक प्लॅस्टिकची बादली घेऊन परत येतो. खिशात ठरलेली रक्कमच असावी आणि फोन घरी ठेवावा. पहिली फेरी नुसती भाव विचारत मारायची, पिशवी घडी करून काखेत. दुसऱ्या फेरीत घ्यायचं. बटाटे-कांदे आधी, पालेभाजी मध्ये, टोमॅटो शेवटी. हा क्रम उलटा केला तर घरी टोमॅटोचं सार पोचतं.

घासाघीस करायची तर माणूस बघून करा. दुकानदाराशी जरूर करा, हातगाडीवाल्याशीही करा. पण वसई-विरारकडून पहाटेच्या गाडीने डोक्यावर टोपली घेऊन आलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी वाद घालू नका. तिचाही महिना पुरवायचा असतो. तिच्याकडून नेमाने घेत राहिलात तर कढीपत्ता, चार हिरव्या मिरच्या आणि आल्याचा तुकडा ती न मागता पिशवीत टाकते.

फुलांचंही तसंच. फूलबाजारात सकाळी सणाचा भाव असतो, दुपारनंतर उतरतो. रोजच्या देवपूजेला दुपारची फुलं आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावीत. झेंडू दोन दिवस सहज टिकतो.

स्वयंपाकघर

भाजी घरी आली की निम्मं काम झालं असं वाटतं, पण पैसे खरे वाया जातात ते विळीपाशी. दोडक्याचंच घ्या. शिरा सोलून टाकल्या जातात आणि त्यांचे पैसे आपण भाजीच्या भावाने दिलेले असतात. त्या शिरांची चटणी भाजीपेक्षा चवदार होते:

दोडका आधी धुवा आणि मगच शिरा काढा. शिरा बारीक चिरा. कढईत दोन चमचे तेल गरम करून शिरा मंद आचेवर घाला आणि हलवत राहा. सुरुवातीला त्या मऊ पडतात, पाणी सुटतं, धीर सुटू देऊ नका. दहा-बारा मिनिटांत कडा तपकिरी होतात आणि उलथन्याला खरखर लागते. मग मूठभर तीळ आणि तेवढंच किसलेलं सुकं खोबरं घालून दोन मिनिटं परता. गॅस बंद करून तिखट, मीठ, चिमूटभर साखर. गार झाल्यावर डब्यात भरा. चार-पाच दिवस तोंडी लावणं झालं.

लाल भोपळ्याच्या सालींची चटणी याच रीतीने होते. फ्लॉवरचा कोवळा पाला डाळ घालून परतावा, कोथिंबिरीच्या काड्या ठेच्यात जाव्यात, कोबीचा दांडा पिठल्यात किसावा. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी, हे सांगायला नको. पण एक सांगते: कुस्करा हवा म्हणून मुलं मागून घेतील, एवढा चांगला करा. कांदा भरपूर, वरून शेंगदाणे आणि लिंबू. काटकसरीचा पदार्थ रडत केला की घरातलं कुणी ना कुणी बाहेर जाऊन वडापाव खातं आणि वाचवलेलं सगळं तिथे जातं.

कडधान्यं रात्री भिजवली की शिजायला वेळ कमी, गॅसही कमी. मोड आणले तर वाटीभर मटकीची परातभर होते आणि चौघांना दोन वेळची उसळ मिळते. कुकर लावायचा तर तो भरलेला असावा: खाली वरण, मध्ये भात, वर बटाटे. आणि दुधावरची साय रोज बाजूला काढून घरी तूप कढवा. विकतच्या तुपाचा खर्च बराच उतरतो. खाली राहिलेल्या बेरीत कणीक आणि साखर घालून मुलांना द्या.

वर्षातून एकदा करायची दोन कामं

पहिलं, मसाला. तो एप्रिल-मे महिन्यातच. लालबागची मिरची गल्ली या दिवसांत लाल होऊन जाते. गल्लीत शिरल्याबरोबर शिंका सुरू होतात आणि त्या घरी येईपर्यंत थांबत नाहीत. पाकिटातला मसाला महिन्याला थोडाथोडा घेतला की वर्षाचा खर्च कळत नाही, म्हणून वर्षाचा मसाला एकदम करावा आणि तोही तीन घरांनी मिळून. बेडगी मिरची रंगासाठी, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटपणासाठी. प्रमाण घराच्या जिभेप्रमाणे. धणे, जिरं, बडीशेप, दगडफूल, लवंग, दालचिनी, हळकुंड यांचं प्रमाण प्रत्येक मालवणी घराचं वेगळं असतं आणि प्रत्येक घर आपलंच बरोबर म्हणतं. तीन घरांनी एकत्र करायचं तर आधी एका प्रमाणावर एकमत करा. याला बाकी सगळ्या कामांपेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा चहा ठेवूनच बसा.

मिरची गच्चीवर दोन-तीन दिवस कडकडीत वाळवा. मोडली की आवाज यायला हवा. देठं काढा, मिरची कांडपाला नेण्याआधी वजन करून लिहा आणि परत आल्यावर पुन्हा करा. थोडी घट येणारच, फार आली तर विचारा. मसाला कांडून होईपर्यंत तिथेच उभं राहायचं, डोळ्यांत पाणी आलं तरी हलायचं नाही. घरी आणून पूर्ण गार झाल्यावर काचेच्या बरणीत दाबून भरा, तळाला आणि वरती हिंगाचे खडे ठेवा. कोरड्या चमच्यानेच काढलात तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रंग टिकतो.

दुसरं, सुकी मासळी. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते आणि ताज्या मासळीचा भाव बघवत नाही. मासे खाणाऱ्या घराने मे महिन्यातच सुके बोंबील, जवळा आणि परवडत असतील तर थोडे सोडे घेऊन ठेवावेत. घेताना हाताने दाबून बघा. लिबलिबीत लागले तर ते नीट वाळलेले नाहीत, पावसात त्यांना वास सुटेल. घरी आणल्यावर एक दिवस पुन्हा ऊन द्या. गच्चीवर कुणीतरी काठी घेऊन बसायला हवं, कारण कावळे आणि मांजरं या बाबतीत फार तत्पर असतात. वरच्या मजल्यावरच्या शाकाहारी शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. जवळ्याची चटणी, वांगं-बटाटा घालून सुक्या बोंबलाचं कालवण, आणि पाऊस कोसळत असताना गरम भात. ताज्या पापलेटची आठवण श्रावणापर्यंत होत नाही.

बोहारीण

दुपारची झोप मोडणारी ती हाक, ‘भांडीऽऽय’, ही बचतीची वेळ आहे. जुने कपडे देऊन स्टीलचं भांडं घ्यायचं, हा व्यवहार पैशांविना होतो, म्हणून त्यात कौशल्य लागतं.

कपडे आधीच निवडून आतल्या खोलीत ठेवा. फुलपँटी आणि जरीच्या साड्या यांना मान जास्त, बनियन आणि फाटक्या चादरींना शून्य. ते पायपुसण्यासाठी घरीच ठेवा. कपडे एकेक करून बाहेर आणायचे. सगळा ढीग एकदम समोर ठेवला की भांडं लहान होतं. आपल्याला हवी असलेली कढई हातात घेऊ नका. आधी पातेलं उचला, ठोकून बघा, तोंड वाकडं करून ठेवा, मग डबा बघा आणि शेवटी सहज आठवल्यासारखी कढई. ती म्हणते, ‘ताई, अजून एक पँट टाका.’ तुम्ही म्हणता, ‘साडीची जर बघा.’ मग ती टोपली डोक्यावर घ्यायला लागते, आपण दार लोटायला लागतो आणि नेमक्या त्या क्षणी व्यवहार ठरतो. कढई कमी जाडीची निघू नये म्हणून तळ अंगठ्याने दाबून बघा. पाणी विचारायला विसरू नका. उन्हात चार मजले चढून आलेली असते. दुसऱ्या वेळी ती तुमच्याच दाराशी आधी येते.

घरातल्या पुरुषाला न विचारता त्याची आवडती पँट देऊ नये. त्या कढईतली भाजी नंतर महिनाभर कुणाला गोड लागत नाही.

लग्नाच्या मोसमात साड्या शेजारघरांत फिरवा. हिंदमाताला नवी साडी घेण्याआधी बघा, की आपल्या मजल्यावर अशा किती साड्या कपाटात पडून आहेत ज्या आपल्या नात्यातल्या कुणी पाहिलेल्या नाहीत. माहेरच्या लग्नात शेजारणीची पैठणी, तिच्या भाच्याच्या मुंजीत आपली. फोटोत मात्र कोणती साडी कुठल्या लग्नात नेसली ते लक्षात ठेवा.

करमणूक

पेपर तीन घरांत एक. सकाळी सहा ते सात ज्याला लवकर निघायचं त्याच्याकडे, मग आजोबांकडे, दुपारी तिसऱ्या घरी. शब्दकोडं पेन्सिलीने सोडवायचं, म्हणजे पुढच्याला खोडता येतं. रद्दीचे पैसे सामाईक. पुस्तकं विकत घेण्याआधी वाचनालयात नाव घाला. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून याच कामासाठी उभं आहे आणि दादर सार्वजनिक वाचनालय स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. मुलांना राणीच्या बागेत न्या, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर न्या, पण घरून डबा घेऊन. गिरगाव चौपाटीवर भेळ खायची असेल तर एक भेळ, चार चमचे.

भिशी

आता मोठी रक्कम. जूनमधली शाळेची फी, गणपतीला गावी जाणं, आईचं डोळ्याचं ऑपरेशन, हे रव्याच्या डब्यातून निघत नाही. यासाठी भिशी.

१२ जणी, प्रत्येकी महिन्याला १,००० रुपये, १२ महिने. दर महिन्याला जमलेले १२,००० चिठ्ठी निघेल तिला. जिला पहिल्या महिन्यात मिळाले तिला बिनव्याजी कर्ज मिळालं, जिला शेवटी मिळाले तिची सक्तीची बचत झाली. चिठ्ठी हा नियम, पण माणुसकी त्याच्यावर: जिच्या मुलाचं ॲडमिशन आहे तिला जून सोडावा. वही एकीकडे, पैसे दुसरीकडे, आणि दोघींचे दरवाजे सगळ्यांना माहीत असावेत. अनोळखी माणसाच्या, बोलीच्या किंवा ‘दामदुप्पट’ म्हणणाऱ्या भिशीत पाय ठेवू नका. जमायचं त्या दिवशी ज्या घरी चहा, त्या घराने फक्त चहाच करायचा. एकीने ढोकळा केला की पुढचीला सामोसे करावे लागतात आणि भिशीची बचत फराळात जाते.

भिशीत चार जणींचं चांगलं जमलं, तर त्यांनी मिळून काहीतरी करून विकावं. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्या लिज्जतचं नाव आज कुठल्या किराणा दुकानात दिसत नाही? १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेही गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांसाठी. या बायका वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत अडकल्या होत्या; मंडळाने पहिल्या १४ जणींना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यांचा स्वयंपाक आधीही चांगलाच होता. अडत होतं ते भांडवल, आणि ते एकत्र उभं राहिल्यावर मिळालं.

तरीही पुरलं नाही तर

एखादा महिना सगळं करूनही पुरत नाही. आजारपण येतं, पगार लांबतो, नोकरी जाते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या घरी पगार यायचा थांबला. पुष्कळ घरं गावाकडून आलेल्या तांदळावर, बायकांच्या घरकामावर आणि शेजाऱ्यांच्या वाटीभर डाळीवर तगली. ज्यांनी कुणालाच न सांगता भारी व्याजाचं कर्ज उचललं, त्यांच्यातल्या काहींच्या खोल्या गेल्या.

आज तो सावकार फोनमध्ये बसलाय. पाच मिनिटांत कर्ज, कागद नको, जामीन नको, असं सांगतो. परतफेड चुकली की तुमच्या फोनमधल्या सगळ्यांना फोन करतो. ते कर्ज घेऊ नका. १० तारखेला आकडे जुळत नाहीत असं दिसलं, तर २५ तारखेपर्यंत थांबू नका, ११ तारखेला बोला. आधी घरात, मग शेजारच्या दोन घरांत, मग भिशीत. आणि तिथेही भागलं नाही तर नोकरीच्या ठिकाणच्या पतपेढीत किंवा बँकेत जा. आणि तुमच्या मजल्यावरच्या एखाद्या घरात अलीकडे वाटी उसनी मागायला कुणी आलं नसेल, तर एकदा तुम्हीच दार वाजवून विचारा.